आधी कुंदा, मग वेदगंगा

माझी भाची बंगळूरची नोकरी सोडून गावात राहणार की परत जाणार, याचा निकाल त्या रविवारी नदीत लागायचा होता. त्यासाठी आमच्या आक्कानं आलेल्या पाहुण्यांना प्रत्येकी एकच चमचा कुंदा वाढायचा होता. पहिली गोष्ट अवघड होती. दुसरी अशक्य होती, आणि हे मी आधीच सांगितलं होतं. पण कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून माझं मत कुणी विचारत नाही. मी ते न विचारता देतो, त्यामुळं त्याला किंमत उरलेली नाही.

आक्का माझी थोरली बहीण. मी बेळगावात खासबागला राहतो. तिला निपाणीजवळ वेदगंगेच्या काठच्या गावात दिली. दाजींचा ऊस आहे, थोडी तंबाखू आहे, म्हशी आहेत, आणि अंगणातून चार पावलं उतरलं की नदीचा घाट. तिच्या हातच्या कुंद्याला आमच्या नात्यात तोड नाही. दूध आटवत आटवत, दह्याचं विरजण देऊन, साखर घालून ते तांबूस रवाळ होईपर्यंत ती कढईसमोरून हलत नाही. त्या वेळी घरात कुणी मेलं तरी त्यानं जरा थांबावं अशी तिची अपेक्षा असते. कुंदा उतरला की ताटं पाहुण्यांना आणि कढईच्या बुडाची करपट गोड खरवड घरच्यांना, हा तिचा कायदा. खरवड पाहुण्याला देत नाहीत. भाची बंगळूरला गेल्यापासून दिवाळीला यायची तेव्हा तिच्यापुढंही ताट यायचं. भाचीच्या ते मनाला लागायचं, पण आई-मुलीत यावर कधी शब्द निघाला नाही.

यंदा दिवाळीला आली ती योजना घेऊनच. तिकडं ती लोकांच्या सहली आखून देणाऱ्या कंपनीत होती. म्हणाली, जगाला फिरवते, मग आपलीच नदी का नको? पुराच्या वेळी कामाला येणारी इंजिनाची एक होडी भाड्यानं मिळत होती. बेळगावच्या लोकांना रविवारी आणायचं, घाटापासून वरच्या बंधाऱ्यापर्यंत नदीतून फेरी, आणि परत आल्यावर काठावर बसून आपल्याकडच्या गोडाची चाखणी: कुंदा, मांडा, गोकाकचं डिंक-सुकामेव्याचं करदंट, आणि म्हैस व्यालेली असल्यामुळं खर्वस. बेळगावचे एक सहलवाले एकदा माणसं घेऊन येऊन बघणार होते. त्यांना पटलं तर दर रविवार पक्का. नाही पटलं तर भाचीची रजा त्याच आठवड्यात संपत होती.

दाजी म्हणाले, "नदी बघाय बेळगावास्नं येणार? आमच्या म्हशी रोज बघत्यात, त्यास्नी कोण इचारतंय?"

आक्का मात्र 'राहा' असं एकदाही म्हणाली नाही. नुसती पितळी कढई रोज घासायला लागली.

आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. भाचीनं आईच्या हातात चमचा दिला.

"आई, एक चमचा. मग हात आवरायचा."

"एक? औषध हाय काय ते?"

"चाखणी आहे आई. चव कळली की बास."

"माणूस दारात आलंय आणि त्याच्या जिभंला लावून सोडायचं? दुश्मनबी असं करत न्हाय गं."

"आई!"

"बरं बाई, एक." आक्कानं पुढं बसलेल्या मला एक चमचा वाढला, क्षणभर माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि दुसरा वाढला. "ह्यो माझा भाऊ हाय. ह्याचं मोजू नगो."

माझ्याकडं इतिहासाचं खातं होतं. वेदगंगेवर दोन मिनिटं बोलता येईल असं काहीतरी लिही मामा, म्हणून भाचीनं सांगितलं होतं. मी आठ पानं लिहिली. तिनं चार ओळी ठेवल्या. त्याही, मला वाटतं, नात्याखातर.

एवढ्यावर सगळं सरळ झालं असतं; पण गावात कुणाला न कळता होडीसुद्धा बांधता येत नाही. पंचायतीचे एक माजी सदस्य आले आणि उद्घाटनाशिवाय पाण्यात उतरणं कसं अशुभ आहे ते सांगून गेले. उद्घाटक कोण, हा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला आणि स्वतःच, थोडा संकोच दाखवून, सोडवला. या गृहस्थांनी यापूर्वी ट्रान्सफॉर्मरची फीत कापलेली मी पाहिली आहे. फलक कानडीत की मराठीत, अक्षर कुणाचं मोठं, यावर संध्याकाळभर खल झाला आणि आमच्या भागाला शोभेल असा तोडगा निघाला: दोन फलक, सारख्या मापाचे, होडीच्या दोन बाजूंना. त्यामुळं होडीत बसणाऱ्याला दोन्ही बाजूंनी फलकांची पाठ दिसणार होती आणि नदी थोडी कमी.

रविवारी सकाळी टेम्पो ट्रॅव्हलर आला. त्यात बेळगावजवळच्या मच्छे गावच्या कारखान्यातली दोन जोडपी, उचगावच्या एक काकी आणि त्यांचे मुके म्हणावेत इतके शांत काका, आणखी चारदोन जण, आणि काळा चष्मा लावलेले, हसू अजिबात न येणारे सहलवाले. सगळे आले, उद्घाटक आले नाहीत. ते दुसरीकडं एका व्यायामशाळेचं उद्घाटन करत होते. होडीला फीत बांधलेली. ती कापल्याशिवाय सुटायचं कसं?

"दहाच मिनिटं," भाची म्हणाली.

पाहुणे अंगणात खुर्च्यांवर बसले. आणि इथं ती चूक झाली, जी आमच्याच माणसांकडून होऊ शकते. आमच्याकडं पाहुणा कोरड्या तोंडानं बसलेला घरच्या बाईला बघवत नाही. दहा मिनिटांची वीस झाली तेव्हा आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. भाची धावली, पण आक्का ताटं घेऊन उंबऱ्याबाहेर आली होती.

सुरुवात नियमानं झाली. प्रत्येकाला एक चमचा कुंदा. मग आक्का उचगावच्या काकींपुढं थांबली.

"मी गोड खात न्हाय वो," काकी म्हणाल्या. "शुगर हाय मला."

"मग ह्यो कमी साखरंचा हाय, घ्या." तो तसा मुळीच नव्हता. "आणि एक. एक चमचा वाढू न्हाय, भांडणं हुत्यात."

"बरं, घाला. तुमच्यासाठी म्हणून."

त्यानंतर आक्काला थांबवणं भाचीच्या हाती राहिलं नाही. "वैनी, तुमी काय खाल्लंसाच न्हाय." "अण्णा, ताट रिकामं बघून म्हशीला वाईट वाटंल की." मांडा म्हणजे पालथ्या मडक्यावर भाजलेली, रुमालासारखी पातळ, घडी घातलेली गोड पोळी; तिचे चतकोर तुकडे करायचं ठरलं होतं. आक्कानं अख्खे वाढले, वर दूध आणि तूप. खर्वसाच्या वड्या ताटात कुठून पडल्या ते खाणाऱ्यालाही कळत नव्हतं. सहलवाले आधी हातानं नको म्हणाले, मग मानेनं, आणि शेवटी नुसते डोळे मिटून खात राहिले.

उद्घाटक आले तेव्हा पाहुणे खुर्च्यांत मागं रेलले होते. त्यांचं भाषण मोठं झालं. पर्यटनातून रोजगार, रोजगारातून विकास, विकासातून पुन्हा पर्यटन, असा तो प्रवास होता आणि आम्ही सगळे त्यात बसल्या जागी फिरलो. मग त्यांनी नारळ फोडला, फीत कापली, आणि होडीत बसायचा आग्रह झाला तेव्हा पाण्याची आपल्याला भीती वाटते असं प्रामाणिकपणे सांगून काठावरूनच नदीला हात जोडले. त्यांचं हे एकच वाक्य मला आवडलं.

लाइफ जॅकेटचे पट्टे कुणालाच लागेनात. सकाळी घरून निघताना लागले असते. शेवटी सैल सोडून, एकमेकांना आधार देत मंडळी बसली. दाजींनी इंजिन सुरू केलं. हिवाळ्याचं कोवळं ऊन, खालच्या बंधाऱ्यानं अडवलेलं संथ पाणी, इंजिनाची एकसुरी फटफट. अशा वेळी जेवलेला मराठी माणूस जागा राहील, अशी अपेक्षा करणं चूक होतं.

भाची पुढं उभी राहिली. "उजवीकडं बघा, खंड्या आहे, निळ्या पंखांचा..." खंड्या उडाला. बघायला कुणी नव्हतं. उचगावच्या काकी काकांच्या खांद्यावर, काका फलकाच्या काठीवर. मच्छेची जोडपी एकमेकांवर. नदी राज्याच्या हद्दीवरून वळणं घेत होती; एकाच्या खिशातल्या मोबाइलनं महाराष्ट्रात स्वागत केलं, पुढच्या वळणावर कर्नाटकानं परत घेतलं. मालकाला दोन्ही सरकारांचा पत्ता नव्हता. सहलवाल्यांचा चष्मा नाकावरून घसरला होता आणि तोंड उघडं होतं.

माझ्या चार ओळी तिनं मलाच ऐकवल्या. मग खाली बसली.

"मामा, सगळे झोपले."

"तुझ्या आईनं वाढलंय."

"बुधवारच्या गाडीचं बघते," ती पाण्याकडं बघत म्हणाली.

आयुष्य पुस्तकांत काढलं, पण अशा वेळी त्यातलं एक वाक्य उपयोगी पडत नाही.

होडी घाटाला लागली तशी धक्क्यानं सहलवाले जागे झाले. पायरीवर आक्का पदराचं टोक मुठीत घेऊन उभी होती. त्यांनी तोंड पुसलं, चष्मा वर केला आणि पहिल्यांदाच हसले.

"झकास! कित्येक वर्षांत असा झोपलो नव्हतो. पुढच्या रविवारी वीस माणसं आणतो. पक्कं."

आक्काची मूठ सैल झाली. आणि भाची म्हणाली, "नको."

"काय?" दाजी आणि सहलवाले एकदमच म्हणाले.

"तुम्ही नदी बघितलीच नाही. तुमची माणसं उद्या विचारतील, तिथं काय आहे? काय सांगाल?"

ते विचारात पडले. "कुंदा," म्हणाले.

"मग बेळगावातल्या दुकानातच न्या की. इतक्या लांब कशाला?"

"अगं बाई, व्हय म्हणालेत की ते!" दाजी कळवळले. "घरी आलेल्या लक्ष्मीला कुणी परत जा म्हणतंय व्हय?"

"परत जा नाही, परत बसा म्हणतेय. पण होडीत. आणि जागे."

मला वाटलं, संपलं. मोठ्या शहरात राहून पोरगी मानी झाली आणि मान गावात परवडत नाही. पण सहलवाल्यांनी अंगणाकडं नजर टाकली. त्यांची माणसं आंब्याखाली पसरलेल्या चटयांकडं चालली होती. तासभर तरी कुणी हलणार नव्हतं. ते निमूटपणे होडीत बसले. मीही बसलो. या वेळी भाचीनं दोन्ही फलक काढून घाटावर ठेवले, आणि नदी एकदम रुंद झाली.

उसातून पाण्यापर्यंत उतरलेले पंपांचे पाइप दिसले. नाकपुड्यांएवढ्याच वर राहिलेल्या म्हशी दिसल्या. बंधाऱ्यावर बगळे ओळीनं उभे होते, भाषण ऐकायला आल्यासारखे. भाचीचा आवाज मात्र पाठ केल्यासारखाच येत होता, आणि सहलवाले नुसते मान हलवत होते. तेवढ्यात दाजींनी एका उंबराकडं बोट दाखवलं.

"पूल न्हवता तवा हितनंच नाव चालायची. हिची आई ह्याच उतारावनं आली लग्नाची."

"आई नावेतून आली?" भाची वळली. हे तिला माहीत नव्हतं. मी त्या नावेत होतो. मला माहीत होतं, पण कुणी विचारलं नव्हतं.

"आली की. रुखवताच्या मांड्यांची टोपली मांडीवर घेऊन. पावसाळी हवा, नदीवरचा दमट वारा. नाव काठाला लागल्यावर आमच्या आईनं टोपली उघडली तर मांडे मऊ पडून लोंबालेत. आई म्हणाली, 'ह्ये मांडे व्हय? मला वाटलं मुलीच्या बापानं रुमाल दिल्यात.' वऱ्हाड हसलं. ती न्हाय हसली. सासूनं तोंडावर मारलेला शब्द, इसरती व्हय? तवापास्नं आमच्या घरातनं कोण अर्ध्या पोटी गेलं न्हाय."

सहलवाल्यांनी चष्मा काढला. "ही गोष्ट तुम्ही सांगणार असाल तर मी माणसं आणतो," ते दाजींना म्हणाले, आणि भाचीकडं वळले. "बाकी इतिहास राहू दे." म्हणजे माझ्या चार ओळीही गेल्या. "आणि गोड आधीच द्या. मांड्याला नदीचा वारा सोसत नाही, हे तर आता कळलंच. फक्त माणूस जागा राहील एवढंच द्या. उद्घाटन नको."

"बघितली ना नदी?" भाचीनं विचारलं.

"बघितली. दर रविवारी. पक्कं."

घाटावर भाचीनं आईला सांगितलं. आक्का हूं म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली ती निघालेल्या पाहुण्यांसाठी शेवटचा कुंदा घेऊन. सहलवाल्यांना तिनं एक चमचा दिला. त्यांनी तो संपवला, ताटली पुढं केली.

"आणखी एक, आक्का."

आक्काचा हात भांड्यात गेला. तिथं तो थांबला. आम्ही सगळे त्या हाताकडं बघत होतो. तो रिकामा बाहेर आला.

"न्हाय वो," ती म्हणाली. "चाखणी हाय ही. पुढच्या रविवारी यावा."

टेम्पो गेला. आक्कानं चुलीवरची कढई उतरवून आणली, उलथण्यासकट भाचीच्या पुढ्यात ठेवली, आणि म्हणाली, "खरवड."

भाची मांडी घालून बसली आणि खरवडायला लागली. मीही सरकून बसलो आणि हात पुढं केला.

"तू न्हाय," आक्का म्हणाली. "तू खासबागला जाणार हाईस." आणि माझ्यापुढं ताट ठेवलं.