श्वासाचं माप

मास्तरांच्या कोटात खोट काढायची कुणाची छाती नव्हती. माणसाचा एक खांदा उतरलेला असो की पोट सुटलेलं असो, मास्तरांच्या हातचा कोट अंगावर चढला की तो सरळ आणि ऐटबाज दिसायचा. गल्लीच्या टोकाला त्यांचं दहा बाय बाराचं शिवणकामाचं दुकान होतं. त्यात कापड बेतायचं लांब टेबल, दोन मशिनी, भिंतीला उभा आरसा आणि खिडकीशी मापांच्या वह्यांची चळत. मास्तर टेपवरचा आकडा मोठ्याने सांगायचे आणि त्यांची लेक तो वहीत लिहायची. वयाच्या अकराव्या वर्षापासून ती हे करत आली होती. अंगाने बारीक आणि बोलायला बोचरी, म्हणून सगळी गल्ली तिला टाचणी म्हणे.

छातीचं माप मास्तर दोनदा घेत. एकदा श्वास सोडायला लावून, एकदा भरायला लावून. "कोट घालून माणसाला पोटभर हसता आलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. दोन्हींतला फरक वहीच्या कोपऱ्यात लिहिला जाई.

त्यांची पाठ दुखायला लागली तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. सकाळी उठताना पाठ फळीसारखी ताठ असे. दुकान उघडून दोन तास इकडेतिकडे झालं की ती थोडी सैल पडे. "मशीनवर वाकून वाकून होतं," मास्तर म्हणत. गल्लीतल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि वर विश्रांती घ्यायला सांगितली. मास्तर दर रविवारी दिवसभर पडून राहत आणि सोमवारी त्यांना उठवत नसे. टाच दुखायची, तर मशीनचं पायडल मारून दुखते असं ठरलं. वर्षातून दोनदा एक डोळा लालभडक व्हायचा, तो कापडाच्या तुसाने. प्रत्येक दुखण्याला धंद्यातलं एकेक कारण सापडत गेलं आणि मास्तरांचं समाधान होत गेलं.

पाठ वाकत चालली तसे ते स्वतःचे कोट वेगळे बेतू लागले. मागची उंची वाढवायची, पुढची कमी करायची, खांद्यात थोडा कापूस भरायचा. वहीत त्यांच्याच पाठीची उंची अठरा, मग साडेअठरा, मग एकोणीस अशी वाढत गेलेली होती. आपलं दुखणं त्यांनी इतकं बेमालूम शिवून टाकलं की कोटातल्या मास्तरांना पाहून कुणाला काही कळू नये. कळायचं ते फक्त शेजारच्या न्हाव्याला, कारण मास्तरांची मान वर होईनाशी झाली होती.

"काय मास्तर, रस्त्यात काही सांडलंय का?"

"तू कापलेल्या केसांचं माप घेतोय. एक बाजू तोकडी आहे."

अशी वीस वर्षं गेली. मग एकदा डोळा इतका बिघडला की सुईत दोरा जाईना. डोळ्यांच्या डॉक्टरने तपासलं आणि विचारलं, "पाठ दुखते का?"

मास्तरांना हसू आलं. "डोळ्याचा आणि पाठीचा काय संबंध?"

त्याने चिठ्ठी देऊन त्यांना मोठ्या दवाखान्यात सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाई पहिलं वाक्य बोलल्या ते, "कोट काढा." कोट निघाला आणि आतली वाकलेली पाठ बाईंना दिसली. मग त्यांनी खिशातून टेप काढला, मास्तरांच्या छातीभोवती धरला. "श्वास सोडा. आता भरा." टेप जेमतेम सरकला. आकडा बाईंच्या आधी मास्तरांनीच वाचला. अर्धा इंच.

बाईंनी सावकाश समजावून सांगितलं. रोगजंतूंशी लढायला शरीरात जी फौज असते, ती आपल्याच सांध्यांवर चालून गेली होती. सूज आली, ती भरून काढायला शरीराने नको तिथे हाड घातलं, आणि मणके एकमेकांना चिकटत गेले. पाठ, टाच, डोळा ही तीन दुखणी नव्हती, एकच होतं. आणि त्याची ओढ रक्तातून, आईबापांकडून आलेल्या जनुकांतून येते.

"म्हणजे मशीनमुळे नाही?"

"नाही. पडून राहिलात त्याने मात्र वाढलं असेल."

"आता सरळ होईल?"

"चिकटलेलं सुटत नाही, मास्तर. पुढचं थोपवायचा प्रयत्न करू." मग फाईलमध्ये लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "मुलंबाळं?"

"एक मुलगी."

"तिची टाच, पाठ? डोळा कधी लाल होतो? प्रत्येकाला होतंच असं नाही, पण असेल तर लवकर कळलेलं बरं."

मागच्या वर्षी लेकीची टाच दुखत होती तेव्हा मास्तरांनी तिच्या चपलेत जाड लोकरी कापडाचा तुकडा बसवून दिला होता. उन्हाळ्यात तिचा डोळा लाल झाला, तेव्हा म्हणाले होते, तूस गेलं असेल, चोळू नकोस.

"नाही," मास्तर म्हणाले. "ठणठणीत आहे."

इंजेक्शनं सुरू झाली. रक्ताच्या अहवालात सूज उतरली, दुखणं उतरलं नाही. बाई म्हणाल्या, इतकी वर्षं दुखण्याचा निरोप वाहून नसा हळव्या झाल्यात. आता निरोप नसला तरी त्या ओरडत राहतात. मास्तर मान हलवायला गेले. मान हलली नाही, नुसते डोळे हलले.

आठ महिने त्यांनी लेकीचं नाव दवाखान्यात काढलं नाही. दुकानात मात्र ती वाकली की त्यांची कात्री थांबे. एके दिवशी टाचणीला कपड्यांच्या एका मोठ्या कारखान्यात बेतकाम करायची नोकरी लागली. मास्तर म्हणाले, पहिल्या दिवशी माझ्या हातचा कोट घालून जा. म्हणून मंगळवारी सकाळी साडेनऊला ती आरशासमोर उभी राहिली आणि वही तिच्या आईने घेतली.

"सोड श्वास. एकतीस."

आईने लिहिलं.

"भर." टेप थोडा सरकला आणि थांबला. "आणखी भर की!"

"भरला, बाबा. एवढाच भरतो."

मास्तर टेपकडे पाहत राहिले. सतराव्या वर्षी तिचा फरक अडीच इंच होता. तो आकडा त्यांना वही न उघडता आठवला.

"साडेतेहेतीस," ते म्हणाले.

आरशात लेकीचे डोळे खाली टेपवर गेले आणि वर आले. "आई, ते खोड. सव्वाबत्तीस लिही."

"अगं, यांनी तर..."

"तेरा वर्षं मी बाबांचे आकडे लिहिले. एकदाही चुकले नाहीत. आजही ते चुकलेले नाहीत, खोटं बोलतायत."

मास्तरांच्या हातातला खडू खाली पडला. "तुला माहीत होतं?"

"सकाळी मोजे चढवायला अर्धा तास लागतो मला. तुमच्या औषधाच्या खोक्यातला कागद मी पाठ केलाय. कधी बोलताय याची वाट बघत होते. डॉक्टरीणबाईंनी माझ्याबद्दल विचारलं असेल ना?"

"विचारलं."

"मग?"

"ठणठणीत आहे म्हणालो."

टाचणी हसायला गेली. हसू छातीत मधेच अडलं आणि तिने बरगडीवर हात दाबला. आठ महिने, मास्तरांच्या मनात आलं. लवकर कळलेलं बरं, असं बाई म्हणाल्या होत्या.

खडू दोघांच्या मधे पडला होता. मास्तर वाकू शकत नव्हते. लेकीने टेबलाचा काठ धरला, थोडी झुकली आणि थांबली. शेवटी आईच उठली आणि तिने खडू उचलला. "घ्या. या घरात वाकायला आता मीच उरलेय," ती म्हणाली. कुणी हसलं नाही. ती खाली बसली आणि पेन्सिल पुढच्या रकान्यावर टेकवली. "पाठीची उंची?"

मास्तरांनी टेपचं टोक लेकीच्या मानेच्या मणक्यावर ठेवलं. वहीतल्या जुन्या मापात तिची पाठ पंधरा इंच होती.

"बाबा, खरं सांगा हं."

टेप पाठीवरून कमरेपर्यंत उतरला. मास्तरांनी आकडा वाचला, पुसट दिसतो म्हणून की काय, पुन्हा वाचला.

"सोळा," ते म्हणाले.

आईने सोळा लिहिलं.