तिसऱ्या बाकावरची एकटी

धुळ्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी इन्स्ट्रुमेंटेशन शाखेला कंट्रोल सिस्टीम, म्हणजे यंत्रांचं स्वयंचलित नियंत्रण, शिकवत असे. घर जळगावला. सोमवारी सकाळच्या एसटीनं जायचं, शनिवारी परतायचं. आठवडाभर धुळ्यातल्या देवपुरात भाड्याची खोली. लग्न केलं नव्हतं, आईवडील गेले होते, म्हणजे जळगावलाही वाट पाहणारं कुणी नव्हतं. तरी जायची. खिडक्या उघडायची, झाडांना पाणी घालायची, पुन्हा कुलूप लावायची.

पुढे आमच्या शाखेकडे मुलं येईनाशी झाली. सगळ्यांना कॉम्प्युटर हवं होतं. शेवटच्या तुकडीतली मुलंही शाखा बदलून गेली आणि तिसऱ्या वर्षाला एकच मुलगी उरली. शिरपूरच्या पुढची, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, एकीसाठी वर्ग कशाला? केबिनमध्ये बसवून शिकवा."

"वर्ग वेळापत्रकात आहे, सर. तिथंच घेईन."

पहिल्या दिवशी ती तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. मी म्हटलं, "पुढं ये ना."

"नको मॅडम. पुढं बसले तर तुम्ही माझ्याकडंच बघाल."

मी फळाभर समीकरणं लिहिली आणि सवयीनं विचारलं, "समजलं का सगळ्यांना?"

तिनं मागच्या रिकाम्या बाकांकडे वळून पाहिलं आणि गंभीरपणे आपल्या अहिराणीत म्हणाली, "बठ्ठास्ले समजनं, मॅडम."

वर्गात मी इतक्या मोठ्यानं कधी हसले नव्हते.

तिनं प्रकल्पासाठी चाकांची एक छोटी गाडी बनवली. गाडीवर एक सळई बिजागरीनं उभी. सळई कलली की मोटारीनं गाडी त्या बाजूला पळवायची, म्हणजे सळई सावरते. सांगायला सोपं. पण सळई पडायची ती पडायचीच. हिवाळा सरला, उन्हं तापली. मग एका दुपारी सळई उभी राहिली. पोरीनं तिला बोटानं ढकललं. सळई थरथरली, गाडी मागंपुढं झाली, सळई पुन्हा ताठ.

ती धावत दाराशी गेली. व्हरांड्यात कुणीच नव्हतं.

"मॅडम, दाखवायला कुणी नाही."

"मी बघतेय ना," मी म्हटलं. ती परत आली आणि वीज जाईपर्यंत आम्ही दोघी बघत बसलो.

ती पास होऊन भुसावळजवळच्या वीजकेंद्रात लागली. आमची शाखा बंद झाली, प्रयोगशाळेत संगणकांच्या रांगा आल्या आणि माझी बदली कॉम्प्युटर विभागात झाली. या वयात नव्यानं शिकले. आता वर्ग भरलेला असतो. सहकारी तरुण आहेत, चहाला आपणहून बोलावतात. मी जाते, त्यांच्या गप्पा ऐकते आणि कप ठेवून उठते.

परवा तिचा फोन आला. धुळ्याला बहिणीकडे आली होती, गावाला निघाली होती. मी स्टँडवर गेले. कंट्रोल रूम, पाळ्या, बॉयलर, सगळं एका दमात सांगत सुटली. मी विचारत राहिले. कितीतरी दिवसांनी कुणाला तरी असले प्रश्न विचारत होते.

मग तिनं विचारलं, "मॅडम, कॉम्प्युटर शिकवायला आवडतं?"

"जमतं आता."

 तिनं माझा हात शिरपूरची गाडी लागेपर्यंत धरून ठेवला. गाडी गेल्यावर मी पांझरा नदीच्या पुलावरून चालत खोलीवर आले आणि उद्याच्या तासाचं वाचायला घेतलं.