शहतुताखालचं मडकं

गणपतमामा नसते तर हे चार शब्द लिहिण्याइतकं शिक्षण मला मिळालं नसतं, म्हणून सुरुवात त्यांच्या नावाने. झाशी स्टेशनजवळ एका रेल्वे अधिकाऱ्याच्या बंगल्यावर ते माळी होते. आई-वडील गेल्यावर त्यांनी मला स्टेशनामागच्या नगरा वस्तीतल्या आपल्या खोलीवर आणलं. बागेत मदतीला गेलो की हाकलायचे — "चल भैया, पढाई कर. खुरपं धरायला मी आहे अजून!" त्यांच्यामुळे मी घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट झालो, रेल्वेत लागलो, आणि स्टीम इंजिनांच्या त्या काळात वर्षभराच्या ट्रेनिंगसाठी इंग्लंडला गेलो.

भुताखेतांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. घडलं तेवढं सांगतो...

वर्ष संपताना तिथल्या वर्कशॉपने मला कायमची नोकरी देऊ केली. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. इकडे मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, घरात दुसरं कोणी नाही. "कधी येतोस?" — शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं त्यांचं पत्र दोन महिने माझ्या टेबलावर पडून होतं.

आदल्या रविवारी डोक्यात तो विषय नको म्हणून मी विल्टशरमधली एक जुनी हवेली पाहायला गेलो. दोन स्टेशनं गाडीने, मग झुडपांच्या कुंपणांमधून दीड मैल पायी. तीनशे वर्षांचं दगडी घर, दुपारी तिकीट काढून आत जाता येई. दारात मी सवयीने बूट काढले. तिकीटवाल्या बाईंनी काळजीने विचारलं, "पाय दुखताहेत का हो?" मागे हशा पिकला. मी ओशाळलो, एकदोन दालनं कशीबशी पाहिली आणि बागेत निघून गेलो.

विटांच्या उंच भिंतींमधली बाग. टोकाला एक जुनं शहतूत, म्हणजे तुमच्याकडची तुती, फांद्यांना लाकडी टेकू दिलेलं. बुंध्याशी एक चपटा दगड होता, आणि त्यावर चुन्यात बुडवून उमटवलेला पंजा.

झाशीच्या उन्हाळ्यात मामा नाजूक झाडाशी मडकं पुरायचे. बुडाला भोक, त्यात चिंधीची वात, म्हणजे मुळांना थेंबथेंब पाणी मिळतं. वर दगड, आणि कुणाचं फावडं बसू नये म्हणून दगडावर चुन्याचा पंजा. करंगळीशेजारचं बोट अर्धं — गवत कापायच्या यंत्रात गेलेलं.

इथेही ते बोट अर्धंच होतं. मी हात लावला... चुना ओला होता.

तिथला म्हातारा माळी ढकलगाडी घेऊन आला.

"हे तुम्ही ठेवलंत?" मी विचारलं.

त्याने वाकून दगड उचलला. खाली मडक्याचं तोंड, काठोकाठ पाणी.

"शुक्रवारी मी स्वतः इथे खणलंय, तेव्हा यातलं काही नव्हतं," तो म्हणाला. मग वर आभाळाकडे बघून — "आणि पोरा, इथे रोज पाऊस. झाडाला पाणी पाजायला कोण येतंय?"

त्याने आपला हात त्या पंजावर ठेवून पाहिला. त्याचं बोट खुणेच्या पुढे गेलं. हात विजारीला पुसून त्याने विचारलं, "तुमच्याकडचं आहे का हे?"

"हो."

"मग असू दे." त्याने दगड परत ठेवला.

दुसरा कुणी हिंदुस्तानी माळी आला असेल? अर्ध्या बोटाचा? मी हे सगळं ताडून पाहिलं आहे. मामांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "तिथे बरसात होते ना? मग घडा कशाला पुरेन मी? वेडा कुठला!" उलगडा आजतागायत झालेला नाही.

परतीच्या गाडीत मी मामांना पत्र लिहिलं आणि उतरताच पेटीत टाकलं. त्यांनी ते जपून ठेवलं होतं, म्हणून जसंच्या तसं देतो.

"ती. मामांस शिरसाष्टांग नमस्कार.

पुढच्या महिन्याच्या बोटीने निघतो. इथली नोकरी उद्या नाकारतो आहे. डोळ्यांचं ऑपरेशन मी आल्यावर करू, तोवर विहिरीकडे एकटे जाऊ नका.

पुढचं परक्याने मोठ्याने वाचू नये असं वाटत होतं, पण वाचू दे. दोन महिने पत्र लिहिलं नाही ते कामामुळे नाही. मला परत यायचं नव्हतं, मामा, आणि हे तुम्हाला सांगायला तोंड नव्हतं."