महाऔषध आणि काकांचा अंगठा

रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, नाहीतर बागेत टोमॅटो लावून शेजाऱ्यांना छळतात. मी भोंदू डॉक्टर झालो.

सगळी नोकरी इथे अमेरिकेत, ट्रॉय शहरात गिअरबॉक्स डिझाइन करण्यात गेली. गिअरबॉक्सला थापा मारता येत नाहीत, त्यामुळे त्या आत साचून राहिल्या होत्या. आमच्या घरापासून तासाभराच्या ड्राइव्हवर एक म्युझियम आहे. तिथे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन शहराचा अख्खा रस्ता उभा केलाय: छापखाना, लोहार, घोड्यांची पागा, सगळं. आमच्यासारखे व्हॉलंटियर त्या काळचे कपडे घालून दिवसभर त्या शतकात राहतात. दर शनिवारी मी एका लाकडी गाडीवर चढून महाऔषध विकायचो.

आणि काय विकायचो! माझा आवाज असा, की मी पहिली आरोळी ठोकली की पलीकडच्या लोहाराचा विस्तव आपोआप पेटायचा. "मायबाप हो, या औषधाचा एक थेंब परवा टेबलावर सांडला, तर टेबलाला पालवी फुटली! एका टकल्या गृहस्थाने नुसता वास घेतला, आता त्याची बायको रोज त्याच्या वेण्या घालते!"

तयारी म्हणून मी त्या काळच्या खऱ्या जाहिराती वाचल्या आणि माझीच मला लाज वाटली. माझ्या थापा त्यांच्यापुढे मिळमिळीत होत्या. एकाच बाटलीत खोकला, कॅन्सर, उदासपणा आणि घोड्याचं लंगडणं बरं व्हायचं. आत असायची दारू, कधी अफू. पोरांचे दात येताना द्यायच्या औषधातसुद्धा अफू! बरं, डिग्रीवाले डॉक्टर तरी काय दिवे लावत होते? पेशंट अशक्त झाला की त्याचं रक्त काढायचे. पारा असा पाजायचे की दात हलायला लागत. प्रेत फाडून हात न धुता बाळंतपणाला जायचे. भोंदू निदान दारू तरी पाजायचा.

आमच्या सुपरवायझर बाई मात्र कडक. त्यांचा एकच नियम: शतकाबाहेर यायचं नाही. कुणी मोबाइल दाखवला तरी 'हे कसलं यंत्र?' म्हणून दचकायचं. छप्पर कोसळलं तरी एकोणिसाव्या शतकातल्या माणसासारखं मरायचं.

जुलैतला शनिवार होता. शो संपवून मी गाडीमागे सावलीत घाम पुसत होतो, तर एक वयस्कर गृहस्थ दबकत आले.

"डॉक्टरसाहेब, आपण मराठी ना? आपलं इंग्रजी ऐकूनच ओळखलं."

मी म्हटलं, "हो काका. पण मी डॉक्टर नाही."

"हो हो," म्हणत ते खोक्यावर बसले आणि त्यांनी बूट काढला. मग मोजा काढला. आपल्या माणसाला डॉक्टर सापडला की तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा जीभ बाहेर काढतो. हे काका तर औषधाच्या गाडीमागेच होते.

उजव्या पायाचा अंगठा कडेने काळा पडला होता.

"नवे बूट चावले. शुगर आहे ना मला. पण दुखत नाही हो अजिबात. म्हणजे बरं होत आलंय, नाही का? त्या बाटलीतलं थोडं लावू का?"

माझी बायको डायबेटिसच्या क्लिनिकमध्ये नर्स होती. आमच्या घरी आमटी वाढता वाढता असल्या पायांच्या कहाण्या चालत. न दुखणारा काळा अंगठा म्हणजे काय, हे मला तिच्यामुळे ठाऊक होतं.

"काका, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. पाय जाईल."

"छे! पुढच्या महिन्यात परत निघालोय. तिकडे आपला डॉक्टर आहे. इकडे हॉस्पिटल म्हणजे पोराला घर विकावं लागेल. त्याला बोलू नका हं. तुम्हीच काहीतरी द्या."

"अहो, मी इंजिनिअर आहे! गिअरबॉक्सवाला!"

"मोठी माणसं असंच म्हणतात."

आता काय करावं? दुपारभर टेबलाला पालवी फोडली ती यांना पटली, आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो तर हा विनय! मी बाटली उघडली आणि त्यांच्या हातात दिली. "प्या."

त्यांनी घोट घेतला. चेहरा वाकडा केला. "हा तर कोरा चहा."

"आणि काकवी."

"गोड फार झालंय."

"हेच माझं महाऔषध, काका. हेच तुम्ही पायाला लावणार होतात. मुलगा कुठाय?"

ते बूट घालायला लागले. उठून गर्दीत मिसळले असते तर मी त्यांना कुठे शोधलं असतं? मी गाडीवर चढलो. पत्र्याचा भोंगा उचलला. खाली पुढच्या शोसाठी माणसं जमली होती, सुपरवायझर बाई हात बांधून उभ्या होत्या. मी मराठीत बोंब मारली:

"मराठी वडिलांना घेऊन आलेला मुलगा कुठाय? तुझ्या बाबांचा पाय सडतोय, गाडी काढ! आत्ता!"

शपथेवर सांगतो, ती आरोळी पार पलीकडच्या नोव्हाय शहरापर्यंत गेली असणार. छापखान्यातून एक तरुण आईस्क्रीम हातात घेऊन धावत आला. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्या काळात असतो तर मला फासावर चढवलं असतं.

"डॉक्टर म्हणवता आणि पेशंटची गुपितं चव्हाट्यावर मांडता?"

"शिव्या गाडीत बसून द्या, काका."

सोमवारी मुलाचा फोन आला. अंगठा काढावा लागला. पाय वाचला. आणखी उशीर झाला असता तर घोट्यावरून कापावा लागला असता, असं सर्जन म्हणाल्या होत्या. बाबा अजून माझ्यावर चिडलेले आहेत, असंही तो म्हणाला. म्हटलं, चिडू देत. चिडायला माणूस जिवंत लागतो.

त्याच दिवशी बाईंनी ऑफिसात बोलावलं. मी भर गर्दीत शतकाबाहेर आलो होतो, तेही परक्या भाषेत किंचाळत, आणि वर पाहुण्याला वैद्यकीय सल्ला दिला होता.

"चूक झाली एवढं म्हणा," त्या म्हणाल्या. "विषय संपला."

"चूक कसली? पाय त्यांच्याकडेच आहे."

"पुन्हा असं झालं तर काय कराल?"

"भोंगा मोठा घेईन."

त्यांनी माझी औषधाची गाडी काढून घेतली. आता तिच्यावर एक सुतासारखा सरळ शाळामास्तर उभा राहतो आणि टकल्याला एक केससुद्धा उगवू देत नाही. मला पागेत टाकलंय, तोंड न उघडण्याच्या अटीवर. ती अट मी घोड्यांपुरती कशीबशी पाळतो. पण पागेचं दार रस्त्याकडे उघडतं. लंगडत जाणारा कुणी काका दिसला, की मी खरारा टाकून बाहेर येतो आणि भर एकोणिसाव्या शतकात त्याला बूट काढायला लावतो.