डोळे मिटले की पाय नाहीसे

माझी मावशी कपडे दुरुस्त करून द्यायची. पँट तिच्या हातून परत आली की फाटली होती कुठे, हे मालकालाही सापडत नसे. वय अठ्ठावन्न, तब्येत ठणठणीत. तिच्या घरात औषधाची गोळी शोधूनही सापडली नसती.

मग तिची जिवलग मैत्रीण, समोरची इस्त्रीवाली, आठ दिवसांच्या आजारात गेली. मावशीनं धसकाच घेतला. "आपणही आतून पोखरलेले असू. कुणाला कळतंय?"

तिनं बाटल्या आणल्या. ताकदीची एक, नसांची एक, केसांची एक आणि कसल्याशा मुळ्यांच्या कॅप्सूल. मी कुरकुरले तर म्हणाली, "जीवनसत्त्वंच तर आहेत. विष थोडंच खातेय?"

वर्ष उलटलं. एका सकाळी तोंड धुताना ती धाडकन पडली.

"डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून डोळे मिटले, आणि मागून कुणीतरी ढकललं गं."

मागे भिंत होती. घरात आम्ही दोघीच, आणि मी दारात, तिच्या समोर.

त्यानंतर ते होतच राहिलं. डोळे मिटले की तिचे पाय नाहीसे व्हायचे. चप्पल जिन्यात निसटायची आणि ही एक पाय अनवाणी घेऊन खुशाल रस्ता ओलांडायची. अशक्तपणाच असणार, असं ठरवून तिनं नसांच्या गोळ्या दुप्पट केल्या.

एका दुपारी ती पांढऱ्या पडद्याची किनार हातानं दुमडत होती. घरमालकाच्या केसांच्या टोपाची गंमत सांगून स्वतःच हसत होती. माझी नजर किनारीवर गेली. टाक्यागणिक एक लाल ठिपका. सारख्या अंतरावर, अगदी आखल्यासारखे.

"मावशी, थांब!"

"काय झालं?"

मी पडदा उचलला. त्याच्याबरोबर तिचं बोटही वर आलं. शेवटचे तीन टाके तिनं कातडीतून घातले होते. ती त्या बोटाकडे पाहत राहिली, कुणाचं तरी हरवलेलं सापडावं तशी.

"हे माझंय?" तिनं हळूच विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी चारही बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचली, रक्त तपासून घेतलं. तीन बाटल्यांत एकच जीवनसत्त्व होतं, बी-सिक्स. गरजेच्या कितीतरी पट रोज पोटात जात होतं.

"सुरू केलंत तेव्हा काय होत होतं?"

"काहीच नाही."

"मग यांची गरजच नव्हती. धडधाकट माणसाला जेवणातून मिळतं तेवढं पुरतं. याच्या अतिरेकानं नसा बधिर होतात. मग पाय कुठे आहेत ते फक्त डोळ्यांना कळतं, डोळे मिटले की तोल जातो. आणि त्या मुळ्यांत नेमकं काय आहे, ते बाटलीवरही लिहिलेलं नाही. सगळं बंद."

पाच महिने काहीच फरक नव्हता. मग एकदा चहाचा पेला हातात धरताच मावशी किंचाळली, "भाजलं! अगं, भाजलं मला!" आणि पेला खाली ठेवायचं सोडून रडत हसायला लागली.

पाय परत आले. डाव्या हाताची दोन बोटं मात्र अजून आली नाहीत. त्या हातानं ती फक्त कापड धरते, आणि शिवताना नजर बोटांवरून हलवत नाही, कुणाशीही बोलत नाही.