पहिल्या ब्लाउजचं माप

मंगळवारी सकाळी माझी पत्नी दवाखान्यात वारली. अकरा वाजता तिच्या शिवणवर्गाच्या मुली कसब्यातल्या आमच्या घरी आल्या आणि शेजाऱ्यांनी त्यांना जिन्यातूनच परत पाठवलं.

तेराव्यानंतर त्यांतली एक परत आली. यवतमाळकडची, शहराबाहेर मांजरी गावात भावाकडे राहणारी, दोन वर्षं दोन बस बदलून येणारी. एका कौशल्य केंद्रात शिवण शिकवायची जागा निघाली होती. कुठे शिकलात याचं पत्र सोमवारपर्यंत द्यायचं होतं, नाहीतर जागा गेली. वर्गाची प्रमाणपत्रं मीच लिहीत असे, कारण अक्षर माझं बरं. शिवणातलं मला काही कळत नाही. मी शाळेत मराठी शिकवलं.

प्रमाणपत्राला माझ्या पत्नीची एकच अट होती. प्रत्येक मुलीने पहिला पूर्ण ब्लाउज हिच्या मापाचा शिवायचा. माप मुलीने घ्यायचं, वहीत मुलीनेच लिहायचं, चुकलं तरी ही सुधारणार नाही. मग ही तो घालून मंडईत जायची आणि शिवणारीने सोबत चालायचं. आरशापुढे काचत नाही, चालताना काचतं, असं हिचं म्हणणं. गळा घसरायचा, पाठीला चुण्या पडायच्या, ओळखीच्या बायका हसायच्या. ही भाजी निवडत राहायची. ते ब्लाउज ही नंतरही वापरायची. त्यामुळे आमच्या घरात अंगावर ढगळ लोंबणारा ब्लाउज ही काळजी करण्याची गोष्ट नव्हती.

गेल्या श्रावणात या मुलीची पाळी आली. तिचा ब्लाउज नेटका बसला. जेवताना मी म्हणालो, "चला, एकीला तरी माप घेता आलं." ही हसली आणि मला आणखी भात वाढला.

दिवाळीनंतर आजार कळला. उशीर झालाय, असं डॉक्टर म्हणाले. ती वही मी दहाव्याला उघडली. आधीच्या मुलींच्या पानोपानी छाती छत्तीस. या मुलीच्या पानावर चौतीस, आणि त्याखाली पंधरा दिवसांनी पुन्हा घेतलेलं माप, तेहतीस.

म्हणून ती पत्र मागायला आली तेव्हा मी तिला बस म्हटलं नाही.

"आपण दोनदा माप घेतलंत," मी म्हणालो. "फरक दिसला असेलच. की वजाबाकी त्या केंद्रात शिकवणार आहेत?"

"दिसला होता, सर. बाईंना म्हटलं मी. त्या म्हणाल्या, वहीत लिही, सरांना बोलू नको. शपथ घातली."

"छान. शपथ पाळलीत. आता पत्र न्यायला आलात."

"मी सांगणार होती, सर. दोनदा आतल्या खोलीच्या दारापर्यंत आली. तुम्ही वाचत होते."

"वाचणारा माणूस बहिरा नसतो."

पिशवीचा बंद ती बोटाला गुंडाळत होती. खाली बघूनच म्हणाली, "मी दोन वेळा टेप लावली, सर. तुम्ही तर रोज समोर बसून जेवत होते."

मी तिला जायला सांगितलं. दार लावलं ते जिनाभर ऐकू जाईल असं लावलं.

रविवारी कागद पुढ्यात घेऊन बसलो. पत्र न देणं सोपं होतं. तिची जागा गेली असती आणि मला कुणी जाब विचारला नसता. तसंच करावं, असं दुपारपर्यंत वाटत होतं. मग चार ओळी लिहिल्या. दोन वर्षं शिकली. पहिला ब्लाउज अटीप्रमाणे शिवला. माप अचूक घेते. या शेवटच्या वाक्यापाशी फार वेळ गेला. ते खोडावंसं वाटत होतं, आणि खोडलं तर मी खोटा ठरत होतो.

सोमवारी सकाळी तिचा भाऊ पत्राचं विचारायला आला. मी पाकीट त्याच्या हातात दिलं.

"ती खाली उभी आहे," तो म्हणाला. "वर येत नाही म्हणते."

"बरंच आहे," मी म्हणालो.

तिला ती जागा मिळाली, असं कानावर आलं. कसं चाललंय ते मी विचारलेलं नाही. राग उरला आहे. तो आता फक्त स्वतःवर आहे असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण तसं नाही. थोडा त्या मुलीवर आहे, थोडा हिच्यावर, बाकीचा माझ्यावर.