छत्री वर गेली, की पास

मोठ्या माणसांना 'नको' म्हणायला पोरांना शिकवणारी मास्तरीण अख्ख्या जिल्ह्यात एकच झाली, आणि ती आमच्या गावाच्या वाट्याला आली. शाबासकी देण्याआधीसुद्धा बाई विचारायच्या, "पाठीवर थाप देऊ का?" पोर नको म्हणालं, तर थाप हवेत मारायच्या. तपासणीच्या साहेबांनी एका मुलीचा गाल ओढला, तेव्हा सगळा वर्ग "नको" म्हणून असा ओरडला, की साहेबांचा चहा सांडला. बाई शांतपणे म्हणाल्या, "सगळी पास."

दुष्काळ होता. गाव सकाळीच खडी फोडायला जायचं. घरी नुसती पोरं. म्हणून बाईंनी ओरडण्याची परीक्षा काढली. स्वतः कोरड्या ओढ्यापलीकडं मिटलेली छत्री घेऊन उभ्या राहायच्या. शाळेच्या ओट्यावरून एकेकानं "सोड मला" ओरडायचं. ऐकू गेलं, की छत्री वर.

"बाई, शाळा हाय का बाजार? लई वरडत्यात पोरं," सरपंच म्हणाले.

"ओरडू द्या. तुम्ही सगळे कामावर. इथं ऐकायला कोण आहे?"

माझी धाकटी लेक मात्र दर वेळी नापास. आवाजच नाही. छत्री तिच्यासाठी कधी हललीसुद्धा नाही, आणि मला त्याचा घोर लागला होता.

एका दुपारी ती सोसायटीच्या गोदामात, दुष्काळात पोरांना वाटायची ती सुकडी आणायला गेली. वाटप करणाऱ्यानं तिला एकटीला आत घेतलं, दार लोटलं, मनगट धरलं आणि म्हणाला, "कुणाला सांगायचं न्हाय." तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. हात हिसडून, वाटी तिथंच टाकून ती पळाली, ती थेट बाईंच्या खोलीवर. कानाशी कुजबुजली. बाईंनी तिथंच, घरात, छत्री उघडून वर धरली. "ऐकू आलं," म्हणाल्या.

संध्याकाळी पारावर सोसायटीचे चेअरमन मला म्हणाले, "मिटवून टाका. पोरीचं नाव निघंल."

"नाव त्याचं काढा," बाई म्हणाल्या. "त्याच्याकडं किल्ल्या आहेत तोवर एकही पोर गोदामात जाणार नाही."

सगळे माझ्या तोंडाकडं बघू लागले. तो माणूसही तिथंच बसला होता, मान खाली घालून. मी चपला घातल्या आणि पोलीस पाटलांना म्हणालो, "चला, ठाण्यात." त्याच रात्री किल्ल्या त्याच्या हातातून गेल्या.

पुढं बाईंची लोहाऱ्याकडं बदली झाली. फाट्यावरून एसटी हलली, तेव्हा धाकटीनं हाक मारली. शेजारी उभा असून मलाच ती जेमतेम ऐकू आली. गाडी धुरळ्यात शिरली होती. तेवढ्यात खिडकीच्या गजांतून काळी छत्री बाहेर आली, उघडता येईना म्हणून मिटलेलीच, आणि वळणापर्यंत तशीच वर राहिली.